दोना लिंदाल्वा आणि बंद यंत्र

दोना लिंदाल्वा बावीस वर्षं ब्राझीलमधल्या नाताल शहरातल्या विद्यापीठाच्या व्यायाम प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. मिठाच्या पाण्यात स्पंज भिजवायचे, रबरी पट्ट्याखाली माणसाच्या डोक्यावर बसवायचे आणि नंतर धुऊन वाळत घालायचे, हे त्यांचं दिसणारं काम. न दिसणारं काम होतं कपाटाच्या किल्लीचं.

तिथे माणसाच्या डोक्याला वीस मिनिटं अगदी मंद वीज देत. सुई नाही, चिरफाड नाही. मग विजेने दम कमी लागतो का हे पाहायला त्याला जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर दमेपर्यंत चालवत. प्रत्येक जण दोनदा येई. एकदा वीज खरी, एकदा खोटी. खोट्या खेपेला यंत्र अर्ध्या मिनिटात आपोआप बंद पडे. मुंग्या दोन्ही वेळा येत, त्यामुळे खरी कोणती हे त्याला कळत नसे आणि प्रयोग करणाऱ्या प्राध्यापक ओस्मुन्दोंनाही नाही. कोणाची कोणती खेप खरी हे लिहिलेला कागद कुलूपबंद कपाटात असे आणि तो पाहून यंत्र लावून देत एकट्या दोना. विद्यार्थी म्हणत, "दोनांना विचारण्यापेक्षा भिंतीला विचारा. तिला निदान तडा तरी गेलाय."

मग त्यांचा धाकटा भाऊ जेनिव्हाल प्रयोगात आला. वय चोपन्न, सकाळी सायकलवरून पाव विकायचा. संत पेद्रोच्या सणाला पन्नाशीपुढच्यांची सायकल शर्यत होई, तीत चार वर्षं तो दुसरा येत होता. पहिला दर वेळी अदाउतो खाटीक. प्रयोगात पहिल्या खेपेला जेनिव्हाल अकरा मिनिटांत दमला. दुसऱ्या खेपेला साडेचौदा मिनिटं चालला.

"ताई, आज खरी होती ना?"

"तोंड पूस आधी," दोना म्हणाल्या.

त्या दिवशी यंत्र बंद होतं. खरी वीज अकरा मिनिटांच्या दिवशी होती.

शर्यतीला दहा दिवस उरले असताना दोना भावाकडे न्याहारीला गेल्या. टेबलावर मक्याच्या रव्याचा वाफवलेला कुसकुस, कॉफी आणि शेजारी मोटरसायकलची बॅटरी, दोन वायरी आणि भांडी घासायचे दोन स्पंज.

"गॅरेजवाल्याने जोडून दिलंय," जेनिव्हाल म्हणाला. "तुमची वीज फार मिळमिळीत. ही दणदणीत आहे."

"कपाळ भाजेल तुझं. डोक्याला काही झालं म्हणजे?"

"भाजलं तर भाजलं. पावही भाजल्याशिवाय विकला जात नाही."

 दोनांनी उठून दार लावलं आणि बावीस वर्षांत न केलेली गोष्ट केली.

"जेनिव्हाल, नीट ऐक. साडेचौदा मिनिटांच्या दिवशी यंत्र बंद होतं. सायकल तू स्वतःच्या दमावर चालवलीस."

जेनिव्हालने घास खाली ठेवला. आणि तो हसायला लागला.

"हेच सांगायला शिकवलंय ना तुम्हा लोकांना? बावीस वर्षं तोंड उघडलं नाहीस आणि शर्यत आली की उघडलंस. कुणी पाठवलं तुला, अदाउतोने?"

सांगून झालं होतं आणि उपयोग शून्य. दोनांनी कॉफी संपवली. एकच मार्ग उरला होता.

"बरं. लावायचंच तर रीतसर लाव. ही बॅटरी मी घेऊन जाते. शर्यतीच्या सकाळी मी स्वतः येऊन लावीन."

"यंत्र आणशील?"

"आणीन."

शर्यतीच्या सकाळी त्यांनी आणलेला यंत्राचा डबा प्रयोगशाळेने भंगारात काढलेला होता. त्यात फक्त हिरवा दिवा लागायचा, वीज येत नसे. जेनिव्हाल वीस मिनिटं डोळे मिटून, डोक्यावर ओले स्पंज घेऊन, देवळात बसावं तसा बसला.

"मुंग्या येतायत," तो म्हणाला.

"येणारच," दोना म्हणाल्या.

शर्यतीत तो दुसराच आला, चाकभर अंतराने. अदाउतो मात्र पहिला येऊन फुटपाथवर आडवा पडला होता आणि त्याच्या डोक्यावर बायको पाणी ओतत होती.

"हरलो, पण ताई, दम म्हणून लागला नाही," जेनिव्हाल म्हणाला. "अजून एक फेरी हसत मारली असती."

सोमवारी दोनांनी प्राध्यापक ओस्मुन्दोंना सगळं सांगितलं, भंगारातल्या डब्यासकट. प्राध्यापकांनी चष्मा काढला.

"तुम्ही गुपित सांगितलंत, हे खरं. पण त्याने ते मानलं का?"

"नाही."

"मग ते फुटलं म्हणायचं की नाही?"

"मी सांगितलं ना," दोना म्हणाल्या. "फुटलंच."

नियम नियमच होता. किल्ली गेली. स्पंज राहिले. जेनिव्हालचे दोन्ही निकाल प्रयोगातून रद्द झाले आणि तसं पत्र त्याला गेलं. कारण लिहायची पद्धत नव्हती.

आठवड्याने दोना भावाच्या दारावरून जात होत्या. ते पत्र त्याने प्लॅस्टिकमध्ये घालून पावाच्या पेटीवर चिकटवलं होतं, आणि गिऱ्हाइकांना थांबवून वाचायला लावत होता.

"रद्द केलं बघा. एवढा निकाल त्यांना पचलाच नाही." मग बहीण दिसल्यावर त्याने आवाज खाली आणला. "ताई, पुढच्या वर्षी वीस मिनिटं पुरायची नाहीत. पंचवीस लाव."

दोनांनी पेटीतून दोन पाव उचलले आणि म्हणाल्या, "बघू."