लाटण्यावरच्या दातांच्या खुणा

अजूनही दुपारी जरा डोळा लागला की मला इंजिनाचा आवाज येतो. संथ, एका लयीत. कुठून येतो ते कळत नाही, आणि मीही शोधायला जात नाही. पडल्या पडल्या ऐकत राहते.

परवा मुलाच्या गाडीत समोर पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने वायर जोडली, मशीनवर नंबर आला, नंबरावरून त्याने बिघाड सांगितला. बॉनेट उघडलंसुद्धा नाही मेल्याने! मी मागच्या सीटवर बसून हसत होते. मुलगा म्हणाला, "आई, काय झालं?" आता याला काय सांगू, की याच्या बापाचं मशीन माझ्या स्वयंपाकघरातून पळवलेलं होतं.

ही गोष्ट नव्वदच्या आसपासची. आम्ही डोंबिवलीला पूर्वेला राहायचो आणि ह्यांचं गॅरेज मानपाड्याला, एका शिरिषाच्या झाडाखाली. पत्र्याची शेड, थोडी अवजारं, एक बाकडं. कारखान्यांच्या बाजूने आंबूस वास यायचा, शिरिषाच्या वाळक्या शेंगा वाजत राहायच्या, आणि दुपारच्या उन्हात समोरचा रस्ता पाण्यासारखा हलायचा. तिथे दहा मिनिटं बसलं तरी पेंग यायची.

ह्यांची ख्याती कानाची. गाडी वळणावर असतानाच सांगायचे, "तीनच सिलिंडरवर चालतेय, एक प्लग मेलाय." चालू इंजिनावर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. नवीन लग्न झालेलं तेव्हा मला वाटायचं, हा माणूस गाड्यांशी फोनवर बोलतो.

पण त्या वर्षी माझ्याशी बोलणं मात्र बंदच पडल्यासारखं झालेलं. रोज सकाळी ते दाराशी पाठमोरे बसून बूट घालायचे. मी ओट्यापासून विचारायचे, "अहो, भाजी कसली करू?" उत्तर नाही. उठायचे आणि जायचे. आदल्या दिवाळीत मी दिरांसमोर बोलून गेलेले, "चांगली कारखान्यातली नोकरी सोडून ग्रीसमध्ये लोळायचं हे कसलं वेड!" तोच राग धरलाय, असं मी मनाशी पक्कं केलं. मग मीही विचारणं सोडलं. मला काय स्वाभिमान नाही? दोन-दोन दिवस घरात फक्त टीव्ही बोलायचा, तोही मोठ्याने. मोरीतला नळ सोडून रडलेय मी, खोटं कशाला सांगू.

एका रविवारी पोळ्या करायला घेतल्या तर लाटणं गायब. आदल्या आठवड्यात त्याच्या टोकाला बारीक खुणा दिसलेल्या, तेव्हा मला उंदीर वाटलेला. पण मग पोळीला पेट्रोलचा वास कसा आला? आता मात्र माझी खात्री झाली, हे काम ह्यांचंच. शेजारणीचं लाटणं आणून पोळ्या उरकल्या, डबा भरला आणि तणतणत गॅरेज गाठलं.

कल्याणच्या एका डॉक्टरांची जुनी गाडी तिथे तीन दिवस येऊन पडलेली. उभ्या उभ्या थरथरायची, मध्येच बंद पडायची. ह्यांनी प्लग बदलले, कार्बोरेटर खोलून धुतला, तरी तेच. संध्याकाळपर्यंत झाली नाही तर ठाण्याला नेणार, असं डॉक्टर सांगून गेलेले. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी बघितलं ते एवढंच: गाडी चालू, आणि आमचे हे बॉनेटमध्ये वाकलेले, डोळे मिटलेले, माझ्या लाटण्याचं एक टोक इंजिनावर आणि दुसरं दातांत!

"अहो!" मी ओरडले. हलले नाहीत. परत ओरडले, तरी नाहीत. मी त्यांच्या मागे हातभर अंतरावर उभी होते. शेंगा वाजत होत्या, गाडी थरथरत होती, आणि त्या सगळ्यातून मला एक बारीक आवाज येत होता, स्स्स, कुकरची रिंग सैल झाल्यावर येतो तसा.

पाठमोरं बसून बूट घालणं, मोठ्याने लावलेला टीव्ही, समोर बसून बोललं की माझ्या ओठांकडे लागलेले त्यांचे डोळे, सगळं एकदम समोर आलं. राग नव्हताच. ह्यांना ऐकू येत नव्हतं!

मी खांद्याला हात लावला. दचकले, आणि लाटणं पाठीमागे लपवलं. आवाज जिथून येत होता तिथे, कार्बोरेटरच्या खाली, बोट दाखवलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कॅनमधून तिथे थोडं ऑइल सोडलं. ऑइल आत ओढलं गेलं, स्स्स थांबलं आणि गाडीची थरथर गेली. पॅकिंग फाटलेलं, तिथून हवा शिरत होती.

"तुला ऐकू आलं?"

मी मान हलवली.

"मला नाही," ते म्हणाले. "वर्ष झालं. दातांनी इंजिनाचा ठोका कळतो, हवेचा बारीक आवाज नाही कळत. कुणाला सांगू नकोस, गिऱ्हाईकं जातील."

"मलाही नाही सांगितलंत?" हे मी त्यांच्यासमोर उभी राहून, सावकाश विचारलं.

"तू बोलायचीच बंद झालीस. मला वाटलं, कंटाळलीस मला."

त्यांनी गाडी बंद केली. आम्ही बाकड्यावर बसलो, मध्ये डबा. मग त्यांनी लाटणं शर्टाला पुसलं, एक टोक दातांत धरलं, दुसरं माझ्या गळ्याखालच्या हाडावर टेकवलं आणि डोळे मिटले.

"इश्श, कोणी बघेल!" मी म्हणाले.

ते हसले. म्हणजे ऐकू गेलं! वर्षभराचे टोमणे, तक्रारी, सगळं साठवून ठेवलेलं मी, तोंडपाठ होतं. त्यातलं एक अक्षर आठवेल तर शपथ.

"अहो," मी म्हणाले, "उद्या भाजी कसली करू?"

मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लाटणं काही त्यांनी सोडलं नाही. तसेच, दात न उघडता म्हणाले, "भेंडी."