राजीनामा घ्यायला केनवडला

अकोल्याला मोठी गाडी सोडून आम्ही वाशीमच्या छोट्या गाडीत चढलो आणि फर्नांडिसनं लगेच जाहीर केलं, "हिच्यापेक्षा आपलं डाकोटा विमान कमी हलतं!" डबाभर लोक आमच्याकडे बघायला लागले. बघणारच! एक गोरटेला साहेब, एक गोव्याचा लठ्ठ फर्नांडिस, एक मद्रासकडचा मिशाळ मेकॅनिक आणि या तिघांबरोबर मी एकटी बाई. खिडकीबाहेर काळं रान, पिवळी पडलेली ज्वारी, मधूनच पांढरा कापूस. मी विदर्भ पहिल्यांदाच पाहत होते आणि मला दोन डोळे कमी पडत होते.

आम्ही निघालो होतो एका राजीनाम्यासाठी. मुंबईत आमची लहानशी विमान कंपनी होती. विमानं जुनी, माल नेणारी, कधी भाड्यानं माणसंही नेणारी. सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत आमच्याहून मोठ्या, झगझगीत कंपन्या असतानाही व्यापारी आमच्याकडेच यायचे, कारण आमचं विमान सहसा रखडायचं नाही. हमाल कमी पडले तर मालक स्वतः खोकी उचलायचे. आमच्या डब्यातले गोरटेले साहेब ते हेच; त्यांना आम्ही कप्तान म्हणत असू. पूर्वी ते स्वतः विमान चालवायचे. त्यांचा एक विचित्र नियम होता. राजीनामा ऑफिसात घ्यायचा नाही. माणसाच्या घरी जायचं, त्याच्या पंगतीला बसायचं, घरच्यांना विचारायचं आणि मगच "बरं, जा" म्हणायचं.

आमचा मेकॅनिक सुखदेव केनवडचा. बापाचा पाय मोडला म्हणून गावी गेला आणि वाशीमहून त्याचा ट्रंककॉल आला, "साहेब, मी आता येत नाही." कप्तान म्हणाले, "थांब, राजीनामा घ्यायला येतो." त्याला वाटलं, थट्टा करताहेत.

वाशीमला स्टेशनबाहेर गरम भजी खाल्ली. भज्यांबरोबरची हिरवी मिरची पिल्लेनं, म्हणजे आमच्या मद्रासी मेकॅनिकनं, मोठ्या ऐटीत तोंडात टाकली आणि मग तो केनवड येईपर्यंत एक अक्षर बोलला नाही. बसमध्ये पायाशी कोंबड्या, मांडीवर कुणाचं तरी मूल आणि सगळीकडून चौकशी. "कोनाच्या घरी जाता जी?" सुखदेवचं नाव सांगताच कंडक्टरसुद्धा वळून म्हणाला, "त्याचा बाप पडला ना झाडावरून!"

सुखदेवचं घर गावाच्या कडेला, बौद्धवाड्यात. आम्हाला दारात पाहून त्यानं हातातली बादली तशीच सोडली. अंगणात बाजेवर (खाटेवर) प्लॅस्टरातला पाय लांब करून त्याचे वडील किसनराव बसले होते. त्यांनी जयभीम केला, कप्तानांनीही केला. आईनं ज्वारीच्या भाकरी आणि सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) तिखट आमटी वाढली. एवढं चवदार मी वर्षभरात खाल्लं नव्हतं. पिल्लेनं मात्र आधी आमटीचा वास घेतला.

जेवण झाल्यावर कप्तानांनी नियमाप्रमाणे विचारलं, "बाबा, सुखदेवनं नोकरी सोडावी असं तुम्हाला वाटतं?"

किसनराव म्हणाले, "साहेब, ज्वारी उभी हाय, ते तं काडता येईन कशीबी. पन मी पडलो तं गावातले चार जन धावून आले, मले उचलून आनलं. तिथं मुंबईत हा पडला तं याले कोन उचलन?"

"आम्ही उचलू," कप्तान म्हणाले.

"बोलाले काय जाते जी!"

सुखदेव खाली मान घालून बसला होता. त्याला विमानांचं वेड होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. इंजिन सुरू झालं की त्याचा चेहरा कसा उजळायचा, ते मी ऑफिसच्या खिडकीतून रोज बघायचे. तो इथेच राहणार या विचारानं मला फार वाईट वाटलं.

सकाळी उठून बघते तर कप्तान पँट दुमडून विळा मागताहेत! मग काय, आम्ही सगळेच सोंगणीला (कापणीला) निघालो. किसनरावांनी हट्टानं आपली बाजही धुऱ्यावर (बांधावर) नेववली. "हे लोक माह्यी ज्वारी तुडवतीन," असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते काही खोटं नव्हतं. मी बोट कापून घेतलं. पिल्ले धांडे (ताटं) कापताना तमिळ गाणी म्हणत होता आणि शेजारच्या वावरातल्या बाया काम सोडून ती ऐकत होत्या. ऊन चढलं तशी आम्हाला भलतीच मजा यायला लागली. कोण किती ओळी पुढे, यावरून पैजा लागल्या.

दुपारी खुडलेल्या कणसांची पोती बंडीत (बैलगाडीत) भरायची होती. फर्नांडिस पुढे सरसावला. "हे माझं काम! विमानात बोजा कुठं ठेवायचा, ते मी ठरवतो." डाकोटा शेपटीवर टेकून उभं राहतं, नाक जड झालं तर घात, शिवाय बैलांच्या मानेवर ओझं कशाला, असा विचार करून त्यानं सगळी पोती मागच्या बाजूला रचली. सुखदेव पाणी आणायला गेला होता. कप्तान मोठ्या थाटात पुढे कासरा धरून बसले. फर्नांडिसनं शेवटचं पोतं मागे टाकलं मात्र, बंडी मागे बसली, पुढचा दांडा वर उचलला गेला आणि कप्तान आभाळाकडे पाय करून पोत्यांवर आडवे! बैल बिचारे माना ताणून उभे. पिल्ले ओरडला, "टेकऑफ! टेकऑफ!"

सुखदेव धावत आला, त्यानं आधी बैल सोडवले. आणि धुऱ्यावरून हसण्याचा असा आवाज आला की आम्ही सगळे वळलो. किसनराव बाजेवर खदाखदा हसत होते, डोळ्यांतून पाणी. "अबे सुखदेव, असेच इमानं उडवता का तुमी?"

सुखदेवची आई माझ्या कानाशी म्हणाली, "पडल्यापासून पयल्यांदा हासून राह्यले."

पोती पुन्हा नीट रचून आम्ही सूर्य बुडायच्या आत खळ्यावर नेली. संध्याकाळी किसनरावांनी विचारलं, "तुमी सारे इकडं, मंग तिकडं कोन काम करून राह्यलं?"

"बाकीचे दुप्पट पाळ्या करताहेत," कप्तान म्हणाले. "आणि आमचा हिशेबनीस खोकी उचलतोय."

"काहून? कोनी सांगतलं त्याले?"

"कुणीच नाही. सुखदेवकडे जायचंय म्हटल्यावर तोच म्हणाला."

म्हातारा पायाच्या प्लॅस्टरवरून हात फिरवू लागला. मग म्हणाला, "पाय बरा झाला का पाठवतो याले." सुखदेव उठून घराच्या मागे गेला. तो रडत होता, हे आम्ही न बघितल्यासारखं केलं. कप्तान राजीनामा न घेताच झोपले.

तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. बस यायची होती आणि किसनराव सगळ्यांची विचारपूस करत होते. फर्नांडिसची मुलं किती, पिल्लेचं गाव कुठलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमच्या घरी कोन कोन हाय?"

"कुणी नाही, बाबा. आईवडील गेले."

"मंग काही झालं तं मले कळवजा. मी येतो."

मी त्या प्लॅस्टरातल्या पायाकडे बघून हसले. ते हसले नाहीत. सुखदेवच्या आईनं तुरीच्या शेंगांची पिशवी माझ्या हातात दिली आणि बस आली.

परतीच्या गाडीत मी त्या शेंगा सोलत बसले. जुन्या विमानांच्या या कंपनीत लोक टिकतात कसे, असं मुंबईत मला नेहमी कुणी ना कुणी विचारायचं. मी काहीबाही उत्तर द्यायचे. खरं उत्तर असं, की त्या नोकरीमुळे केनवडला एक म्हातारा माझ्यासाठी लंगडत निघायला तयार होता.