तनूच्या डोक्यावरचा हात

वरदा कारखानीस लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलात सीटी स्कॅन काढते. बावीस वर्षं झाली. जिन्यावरून पडलेले आजोबा, सायकलवरून उडालेली पोरं, शनिवारी पबबाहेर डोकी फोडून घेतलेले बहाद्दर, सगळे तिच्या मशीनमधून गेलेत. डोक्याला मार बसला की आत काय होतं, हे तिला कुणी सांगायला नको. आणि अशा बाईच्या पोटी कोण यावं? तर जपानात जाऊन परक्या मुलींशी मारामारी करणारी तनू!

मारामारी म्हटलेलं तनूला खपत नाही. "आई, एमएमए म्हण ना. स्पोर्ट आहे तो." असेल बाई. बुक्के, लाथा, कुस्ती, वर हात पिरगाळायचा, हे सगळं एकाच खेळात. चोवीस वर्षांची, एकोणपन्नास किलोची पोर. एवढ्या हलक्या मुलींना इकडे धड मॅचेस मिळत नाहीत, तिकडे मिळतात. म्हणून टोकियोच्या 'कागारी' नावाच्या कंपनीशी तिनं वर्षाचा करार केला. राहायचं लीड्सला घरीच, मॅचपुरतं तिकडे जायचं. मॅचेस चार. मार्च, जून, सप्टेंबर आणि सगळ्यात मोठी एकतीस डिसेंबरला.

वरदाचा नवरा मिलिंद कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या पालिकेत, आयटीत. लेकीच्या कौतुकानं तो नुसता फुगलेला. जपानातली दुपार म्हणजे लीड्सची सकाळ, त्यामुळे मॅच असली की तो चहाचा थर्मास घेऊन टीव्हीसमोर ठाण मांडायचा. वरदा किचनचं दार लावून आत. मार्चमध्ये तिनं हद्दच केली. मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊन टीव्हीतल्या तनूची दृष्ट काढली आणि तापल्या तव्यावर टाकली. स्मोक अलार्म असा बोंबलला की शेजारीण ड्रेसिंग गाऊनमध्ये रस्त्यावर आली. तनू जिंकली तेव्हा मिलिंद खुर्चीवर उभा राहून अलार्म बंद करत होता. बिचाऱ्याला शेवटचं मिनिट दिसलंच नाही.

जूनमध्येही तनू जिंकली. वरदानं तेव्हा खिडकी उघडी ठेवली होती.

सप्टेंबरमध्ये बाहेरून मिलिंदचं ओरडणं ऐकू येईना. वरदा दार उघडून बघते तर तनू पाठीवर पडलेली, डोळे अर्धे उघडे आणि उजवा हात हवेत ताठ वर. तो हात तसा का राहतो, हे मिलिंदला ठाऊक नव्हतं. वरदाला होतं. मेंदू हादरला की हात असा राहतो. ती तिथेच कार्पेटवर बसली.

तनू मिनिटाभरात उठून बसली, समोरच्या ओसाकाच्या मुलीला वाकून नमस्कारही केला. तिथल्या डॉक्टरांनी लेखी बजावलं, नव्वद दिवस डोक्याला फटका नको, सरावातसुद्धा नको. आणि कंपनीनं काय करावं? एकतीस डिसेंबरला परत त्याच मुलीशी मॅच दिली. वरदानं कॅलेंडर काढून बोटं मोजली. नव्वद दिवस सत्तावीस डिसेंबरला संपत होते.

"बघ, नियमात बसतंय," मिलिंद म्हणाला.

"डोकं नियमात बसत नाही रे," ती म्हणाली. पुढे तीन महिने तिचा जीव टांगणीला.

डिसेंबरच्या मध्यावर तनूच्या खोलीचे पडदे भरदुपारी बंद दिसायला लागले. एकदा जेवताना तिनं विचारलं, "आई, उद्या तुझा शिफ्ट कधी संपतो?" वरदानं सांगितलं. दोन घास झाले आणि तनूनं पुन्हा तेच विचारलं. मिलिंद हसला. वरदानं ताट बाजूला सारलं.

भांडी आवरून झाल्यावर तनू किचनमध्ये आली. "आई, एक सांगायचाय. पण आधी शपथ घे. माझ्या डोक्यावर हात ठेवून."

आता ही शपथेची भानगड वरदानंच घरात आणलेली. तनू लहान असताना बिस्किटं कुणी खाल्ली हे काढून घ्यायला तिला हाच उपाय सापडला होता. डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि मोडली, तर ज्याच्या डोक्यावर हात, त्याचं वाईट होतं. सुटका एकच. ज्यानं शपथ घ्यायला लावली, त्यानं स्वतः 'सुटली' म्हणायचं. लेकीनं बाकी मराठी अर्धंमुर्धं उचललं, हे मात्र पक्कं धरून ठेवलं.

वरदानं हात ठेवला. "कुणाला नाही सांगणार. तुझी शपथ." बोलून गेली, आणि केसांत बोटांना काहीतरी लागलं. लिंबाएवढं टेंगूळ. तनू कळवळून मागे सरकली.

मग सगळं बाहेर आलं. कोच ग्रेग सुट्टीवर असताना तनूनं जिममधल्या एका मुलीबरोबर सराव केला होता. कानामागे लाथ बसली, पडताना डोकं जमिनीवर आपटलं. किती वेळ शुद्ध नव्हती, ठाऊक नाही. दोनदा उलटी झाली. डोकं आठवडाभर ठणकतंय. "पण आय ॲम फाइन, आई. तू प्रॉमिस केलाय."

वरदाचं धाबं दणाणलं. सांगावं तर लेकीची शपथ मोडते, न सांगावं तर लेकच जाते. ज्या डोक्यासाठी इतकी वर्षं मरत होती, त्याच डोक्यावर हात ठेवून गप्प बसायचं कबूल करून बसली होती ती! शिकलेली बाई, आणि घाबरते कशाला, तर शपथेला! पण भीतीला डिग्री दाखवून काही होत नाही हो.

दुसऱ्या दिवशी कामावर एक बाई स्कॅनला आली. घरीच पडलेली, 'मला काही झालं नाही' म्हणत हसत होती. पडद्यावर तिचा मेंदू उमटला आणि वरदा त्यातली रक्ताची पांढरी कड बघत राहिली. मग स्टाफरूममध्ये जाऊन तिनं ग्रेगला फोन लावला. ती इतकं हळू बोलत होती की ग्रेगनं तीनदा 'सॉरी?' म्हटलं. पण कळल्यावर तो गडी तडक उठला. स्कॅन नाही तर विमान नाही, असं सांगून त्यानं तनूला गाडीत घातलं आणि थेट हॉस्पिटलात आणलं.

स्वतःच्या मुलीचा स्कॅन काढायचा नसतो. चंद्रशेखर नावाच्या सहकाऱ्यानं काढला, वरदा त्याच्यामागे काचेआड उभी. आत जाताना तनूनं तिच्याकडे बघितलं. "तू माझ्या डोक्यावर शपथ घेतला होता," एवढंच म्हणाली.

चित्र उमटलं. कानाच्या वर, नखाच्या कडेएवढं रक्त. चंद्रशेखरनं आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली.

ऑपरेशन नको, पूर्ण विश्रांती हवी, डॉक्टर म्हणाले. आणि अजून एक फटका बसला असता तर... पुढचं वाक्य त्यांनी वरदाकडे बघून गिळलं. मॅचमधून तनूचं नाव काढलं गेलं. तनू आईशी बोलायची बंद झाली.

ते दोन आठवडे वरदानं कसे काढले तिचं तिला माहीत. डॉक्टर म्हणत होते, रक्त जिरेल. पण शपथ मोडलेली होती आणि 'सुटली' कुणी म्हटलेलं नव्हतं. तनू बाथरूममध्ये जरा जास्त वेळ राहिली की ही बाहेर पायरीवर. "आई, गो अवे," आतून एवढंच यायचं. तेवढंही ऐकून बाईला बरं वाटायचं.

एकतीस डिसेंबरला सकाळी मिलिंदनं टीव्ही लावलाच नाही. तनूनं लावला, अंगावर रजई घेऊन. तिच्या जागी दुसरीच मुलगी रिंगमध्ये आली. वरदा किचनच्या दारात उभी. आवाज ऐकवेना, जाववेना.

"आई, इकडे ये."

वरदा भीत भीत सोफ्याच्या कडेवर बसली.

"ग्रेगला मी नाही सांगू शकत होती," तनू टीव्हीकडे बघतच म्हणाली. "बाबाला पण नाही. जिममधून घरी यायचा रस्ता विसरली मी त्या दिवशी. बस स्टॉपवर एक तास बसली होती. मला खूप भीती वाटला, आई."

"मग शपथ कशाला घातलीस गं माझे बाई?"

"म्हणून तर तुला सांगितला ना. मला वाटला, तू मोडशील." तनूनं रजई हनुवटीपर्यंत ओढली. "मग तू मोडलास, आणि मला राग आला. आणि मग आणखी भीती वाटला. आता मला काही होईल का?"

वरदानं 'नाही' म्हणून मान हलवली. तनूनं तिचा हात ओढला आणि आपल्या डोक्यावर ठेवला, बरोबर त्याच जागी. टेंगूळ गेलं होतं.

"सुटली," तनू म्हणाली.

वरदानं हात काढला नाही. टीव्हीवर घंटा वाजली, आणि दोघींनी एकदमच डोळे मिटून घेतले.