दुसऱ्या भागातली सासू

पहिला भाग आम्ही रडत रडत वाचला आणि दुसरा जांभया देत. पण दुसऱ्या भागामुळे मी पुण्यात राहिले, त्यामुळे ज्या बाईंनी तो लिहिला त्यांना मी फार नावं ठेवत नाही. थोडी ठेवते.

हिंजवडीत तेव्हा एका शेतात काचेची बिल्डिंग आणि शेजारच्या शेतात ज्वारी, असं होतं. आम्ही गावठाणात राहायचो, मालकीणबाईंच्या मागच्या खोल्यांमध्ये. त्यांची जमीन कंपन्यांना गेली, म्हशी विकल्या, आणि गोठा होता तिथे त्यांनी भाड्याच्या खोल्या काढल्या. माझ्या खोलीत एक गव्हाण तशीच राहिली होती, तिच्यात मी भांडी लावायचे. माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्याकडे, मलकापूरच्या बाजूला, सांगितलं होतं की मुलगा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत असतो. असायचाच की. सकाळी माणसं सोडायला आणि संध्याकाळी न्यायला. कंपनीची बस चालवायचा. खोटं कुणीच बोललं नव्हतं, आम्हीच पुढचं विचारलं नाही.

मी आठवी झालेली. पोरगी अंगावर पिणारी. आणि मला सगळ्याची भीती वाटायची, म्हणजे रस्ता ओलांडायची, गॅसची, दुकानात तोंड उघडायची, कारण मी बोलले की दुकानदार माझ्याकडे बघून पुन्हा विचारायचा. वाचायची तेवढी भीती नव्हती, कारण पुस्तक पुन्हा विचारत नाही.

खडकीला माझी मावसबहीण होती, तिच्या नवऱ्याला कारखान्याचं क्वार्टर होतं. तिच्या घराजवळ एक लहानसं वाचनालय होतं, तिथून तिच्या नावावर मी पुस्तकं आणायचे. तिथे ती मालिका मिळाली. राजपुत्र, राजवाडा, आणि रस्त्यावरचे दिवे लावत फिरणारी एक गरीब पोरगी. अंधाऱ्या राज्यात तिच्या कंदिलाच्या उजेडात राजपुत्राला तिचं तोंड दिसतं आणि संपलंच, तो तट चढून येतो, नदी पोहून येतो, वडिलांशी भांडतो. पहिला भाग मी दुपारी मोठ्याने वाचायचे आणि ऐकायला दोघी असायच्या. एक मालकीणबाई, आणि एक शेजारच्या खोलीतली वाशीमकडची ताई, तिची कंपनीच्या कॅन्टीनमध्ये सकाळची पाळी असायची. दोघींना वाचता यायचं नाही फारसं. आणि आम्हा तिघींनाही मोठ्याने वाचायची एकच पद्धत माहीत होती, पोथीची. म्हणून पाट मांडायचा, पुस्तक पाटावर, एका दुपारी एक प्रकरण, प्रकरण अर्धवट सोडून उठायचं नाही, आणि एकदा लावलं की समाप्ती करायचीच. डासांसाठी मालकीणबाई उदबत्ती लावायच्या. कव्हरवर राजपुत्र त्या पोरीला भलताच जवळ घेऊन उभा होता, म्हणून मी पुस्तकाला लाल कापड गुंडाळलं होतं.

दुसरा भाग आणायला गेले तेव्हा वाचनालयातल्या काकांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, पहिला आवडला असेल तर इथेच थांबलात तरी चालेल. मी म्हटलं, का हो. ते म्हणाले, "दुसरा भाग लोक दोन दिवसांत परत आणतात, बाई. वाचून नव्हे." मला वाटलं पुण्याचे आहेत, असंच बोलणार.

तर काय, दुसरा भाग उघडला आणि पहिलं अख्खं प्रकरण पडद्यांवर. राजवाड्यात कुठल्या दालनाला कुठल्या रंगाचे पडदे, त्यांच्या झालरी, झालरींचे गोंडे. नदी पोहून आलेला तो राजपुत्र आता दिवसभर प्रधानांबरोबर बसलेला असायचा आणि संध्याकाळी येऊन म्हणायचा, प्रिये, मी थकलो आहे. मालकीणबाई म्हणाल्या, ह्यो तर समोरच्या बिल्डिंगीतला झाला की गं, गळ्यात कार्डाचा पट्टा तेवढा न्हाई. कॅन्टीनवाली ताई म्हणाली की तिच्याकडे चहाला येतात ते सगळे असेच असतात, त्यांचेही पहिले भाग झाले असतील कुठेतरी. आणि मग पुस्तकात आली राणी, राजपुत्राची आई. सुनेनं खिडकीत उभं राहू नये, सुनेनं कंदिलाला हात लावू नये, सुनेनं मोठ्याने हसू नये. आम्ही म्हटलं, हे ऐकायला पुस्तक कशाला लागतं. पण लावलं होतं ना, मध्ये सोडता येईना. मालकीणबाईंनी तर सरळ शेंगा फोडायला घेतल्या.

अशा एका दुपारी मी पुन्हा पडद्यांचे गोंडे वाचत होते आणि दारात माझी सासू उभी. गावाहून आलेली, न कळवता, डोक्यावर गाठोडं. त्या का आल्या ते मला त्या बोलायच्या आधीच कळलं. कापूस वेचायचे दिवस जवळ आले होते. माझ्या जाऊबाईंना असंच नेलं होतं, दीर सुरतेला असतात तिथून, हंगामापुरतं चल म्हणून, लेकराला गावची हवा लागेल म्हणून. त्या अजून गावातच आहेत. दीर दिवाळीला येतात, पाहुण्यासारखे, चार दिवस, आणि जाऊबाई त्या चार दिवसांत सुद्धा त्यांच्याशी दारातूनच बोलतात, सवय मोडलीये.

सासूबाईंनी बघितलं. पाट, लाल कापड, उदबत्ती, तीन बाया मांडी घालून. चपला काढल्या, पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले आणि बसल्या.

"पोथी लावली का व? मले सांगितलंही नाही."

कोणत्या देवाची, असं त्यांनी विचारलं, तर मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, राजाची हाय. सासूबाई म्हणाल्या, राजाराणीचंच असते सगळ्या पोथ्यांत. आणि मला म्हणाल्या, वाच. मी वाचलं. भीतीने माझा आवाज इतका गंभीर लागला की गोंड्यांना सुद्धा त्यांनी मान डोलावली.

प्रकरण झाल्यावर त्यांनी कशासाठी आल्या ते सांगितलं, तीच हवा आणि तोच हंगाम. पण आता पोथीत बसले, म्हणाल्या, समाप्ती झाल्याशिवाय उठता येत नाही. समाप्ती झाली की दुसऱ्या दिवशी निघू, तू, मी आणि पोरगी.

झालं. ज्या पुस्तकाला आम्ही शिव्या देत होतो ते आता लांबावं म्हणून आमची धडपड सुरू झाली. ताई म्हणाली, आता कशाला घाईने वाचतेस, जरा अर्थ समजून घेऊ दे की. मालकीणबाई मध्येच म्हणायच्या, ते पडद्याचं पुन्हा एकदा वाच गं, डोळ्यापुढं आलं न्हाई. मी पुन्हा वाचायचे. असं पुस्तक लिहिणाऱ्या बाईंना असे वाचक कधी मिळाले नसतील. पण प्रकरण अर्धं ठेवता येत नव्हतं, सासूबाई तिथे राखणीला बसल्यासारख्या, आणि पानं तर रोज कमीच होत होती.

आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांना पुस्तक आवडलं. आम्हाला ज्याच्या जांभया येत होत्या तेच आवडलं. राणीनं सुनेला काही सुनावलं की त्या माझ्याकडे बघायच्या. राणी शहाणी आहे व, म्हणायच्या. संध्याकाळी हे घरी आले की त्यांना पण सांगायच्या, आज राणीनं काय बरोबर केलं. ह्यांना वाटायचं कुठली तरी देवीची कथा आहे, हे पण नमस्कार करायचे. मी पोरीला पाजत बसायचे आणि मनात म्हणायचे की आख्खं पुस्तक त्यांच्या बाजूचं आहे, माझ्या बाजूने एक पान नाही.

शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी मी स्वयंपाक करताना ते आधीच वाचून बघितलं. पोळी तव्यावर करपली. शेवटी राणी सुनेला आणि तिच्या तान्ह्या बाळाला घेऊन डोंगरावरच्या हिवाळी महालात निघून जाते, बाळाच्या तब्येतीसाठी. राजपुत्र गच्चीवरून रथ लहान लहान होताना बघतो. काही करत नाही. बघतो. आणि खाली लिहिलेलं, तिसरा भाग लवकरच.

मला वाटलं हे गाळावं, दुसरं काहीतरी वाचावं, सून जिंकली असं वाचावं, कुणाला कळणार होतं. पण इतके दिवस पाट आणि उदबत्ती आणि जोडलेले हात बघून मला स्वतःलाच ती पोथी वाटायला लागली होती, तिच्यातला शब्द फिरवला तर पोरीला काही होईल, असं काहीतरी डोक्यात बसलं. मी जसं होतं तसं वाचलं. रथ गेला. पुस्तक मिटलं. आम्हा तिघींची तोंडं उतरलेली.

"बरोबर केलं राणीनं," सासूबाई म्हणाल्या. "उद्या पहाटेची गाडी पकडू."

मला माहीत नाही मला कुठून सुचलं, म्हणजे सुचलं नाहीच, पोरगी मांडीवर होती आणि मी तिच्याकडे बघत होते, सासूबाईंकडे बघायची हिंमत नव्हती.

"आत्याबाई, मला नाही यायचं. जाऊबाई गेल्या त्या परत आल्याच नाहीत."

ताईनं पाट उचलला, उगाच. मालकीणबाई मात्र शेंगांची टरफलं गोळा करत म्हणाल्या, "राजपुत्राला आचारी हायेत, बाई. तुमच्या पोराला कोन हाय?"

सासूबाई उठल्या आणि आत जाऊन गाठोडं बांधायला लागल्या. मी समजले, झालं. हे ड्युटीवरून आले, हातपाय धुतले, आणि त्यांनी ह्यांना समोर बसवून विचारलं की मी हिला घेऊन गेले तर तू काय खाशील रे. मला वाटलं आता हा माणूस काहीतरी बोलेल, तट चढू नको बाबा, नदी पोहू नको, नुसतं राहू दे म्हण.

"कंपनीत मेस आहे की, माय," हे म्हणाले. "माझी काळजी नको करू."

मी भिंतीकडे तोंड केलं. म्हणजे गव्हाणीकडे.

सासूबाईंनी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांना काय दिसलं कोण जाणे. लग्नाआधी हे मेसमध्येच जेवायचे आणि गावाला आले की बरगड्या मोजता यायच्या, ते आठवलं असेल. का आणखी काही दिसलं असेल, दुसऱ्या मुलाचं, सुरतेचं, ते मला आजही माहीत नाही. त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं, जसं भाजी घेताना एखादी जुडी बाजूला काढतात तसं.

"याले अक्कल नाही व. याले एकटं ठेवता येत नाही. तू राय."

मी प्रेमापायी राहिले नाही, बुद्धीनं राहिले नाही, माझ्या बोलण्यानं राहिले असं सुद्धा छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. नवरा मेसचं खाऊन वाळला असता म्हणून राहिले. अशी गोष्ट कुणी छापणार नाही.

पहाटे आम्ही त्यांना शिवाजीनगरला गाडीत बसवून दिलं. खिडकीतून त्यांनी पोरीच्या गालाला हात लावला, मला म्हणाल्या सांभाळ, आणि गाडी गेली. परत येताना हे एकदम खुशीत होते, शीळ घालत होते, काय घडलं त्याचा पत्ता नव्हता. स्टॉपवर उभं असताना मला म्हणाले, आज डब्याला काय करणार.

मी रस्त्यावर, माणसांत, न घाबरता म्हटलं, "आज मेसमध्ये खा."