निशातचा जिना

तेविसाव्या वर्षी निशात शेखला वाटायला लागलं की आपण आता फार दिवस जगत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात तिचे अब्बू, लियाकतभाऊ, नाटक कंपन्यांचे कपडे शिवतात. दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या गावागावांत नाटकं सुरू होतात, त्याआधीचे चार महिने घरातली दोन्ही मशीन बंद म्हणून होत नाहीत. बारावी झाल्यापासून दुसऱ्या मशीनवर निशात बसते. सकाळी आठला बसली की जेवायला उठायची आणि नमाजला उठायची, तेवढंच. मोटर लावल्यापासून पायही हलवायचे नव्हते. चार वर्षांत वजन सोळा किलोनं वाढलं. कपड्याचा एक गठ्ठा उचलून रिक्षात ठेवला तरी छाती धडधडायची आणि कानात हवा भरल्यासारखं व्हायचं.

हे कुणालाही होतं. पण निशातची अम्मी, शकिला, तीन वर्षांपूर्वी धुण्याची बादली घेऊन छताच्या स्लॅबवर जाताना जिन्यातच गेली होती. वय चव्वेचाळीस. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. तिच्याआधी तिची आईही अशीच गेली होती. त्यामुळे छाती धडधडली की निशात सगळं सोडून भिंतीला टेकून बसायची आणि श्वास मोजायची. अब्बूंना काही सांगायची नाही. स्लॅबवरचे वाळलेले कपडे काढायला जायचं तिनं केव्हाच बंद केलं होतं. अंगणातच दोरी बांधून घेतली होती.

घराच्या मागच्या खोलीत दीपिका कुमरे भाड्यानं राहायची. कुरखेड्याकडच्या जंगलातल्या गावातली, पोलीस भरतीची तयारी करणारी. मार्चमध्ये एका दुपारी तिनं निशातला भिंतीला टेकलेलं पाहिलं. काही न विचारता पाणी दिलं आणि दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टर सरिता मॅडमनी ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, अम्मीबद्दल खोदून खोदून विचारलं आणि हृदयाच्या सोनोग्राफीसाठी गडचिरोलीला पाठवलं. आठवड्यानं सगळे कागद समोर ठेवून म्हणाल्या, "हृदयात काही दोष नाही. रक्त कमी आहे, साखर काठावर आहे. आणि बाई, तू हलतच नाहीस. ज्या हृदयाला कधी काम दिलं नाही ते थोड्याशा कामानंही घाबरतं."

"मग मले काऊन असं वाटते, आता पडतोच म्हणून?"

"भीतीनंही धडधडतं. ते वेगळं कसं ओळखायचं ते सांगीन. आधी महिनाभर गोळ्या घे आणि चालायला लाग. रोज चाळीस मिनिटं. बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, इतकं भराभर."

निशात दीपिकासोबत जायला लागली. पहाटे साडेपाचला घर सोडायचं, गावाबाहेर कालव्याचा रस्ता धरायचा. दीपिका आठशे मीटर पळायची, परत यायची, पुन्हा पळायची. निशात आपली एका चालीनं चालायची. तीन आठवड्यांत दम लागणं थोडं कमी झालं. त्या दिवसांत तिला बरं वाटत होतं, हे ती आजही सांगते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी दीपिका पुढे गेली होती. झाडांवर वानरं ओरडत होती. निशातनं त्याकडे लक्ष दिलं नाही, वानरं ओरडतातच. मग तिला दिसलं की दीपिका पळत नाहीये. रस्त्याच्या मधोमध उभी आहे आणि एक हात मागे करून हळूहळू उलटी येते आहे.

तिच्यापलीकडे, कालव्याच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, वाघ बसला होता.

तो यांच्याकडेच बघत होता. अंगावर धावून येईल असं काही त्याच्यात दिसत नव्हतं. फक्त बघत होता, आणि तेच निशातला सहन होईना. तिचे पाय आपोआप वळायला लागले.

"पळू नको," दीपिका मागे न बघता म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "पाठ दाखवू नको त्याले. माझ्यासारखी मागं चाल."

"मले चक्कर येऊन राह्यली."

"आली तर येऊ दे. खाली बसू नको. माझी ओढणी धर."

निशातनं ओढणी धरली. दोघी एक एक पाऊल मागे येत राहिल्या. निशातला स्वतःच्या छातीचा आवाज इतका मोठा ऐकू येत होता की तो वाघालाही ऐकू जात असेल असं तिला वाटलं. आपण वाघाच्या आधी याच धडधडीनं मरणार, असंही वाटलं. किती वेळ गेला दोघींनाही सांगता येत नाही. मग वाघ उठला, अंग लांब केलं आणि पाळीच्या पलीकडे उतरला. तो दिसत होता तोवर बरं होतं. दिसेनासा झाल्यावरची अर्धा किलोमीटर वाट जास्त वाईट होती.

चौथ्या दिवशी जवळच्याच एका टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, बाई मोहफुलं वेचायला गेली ती परत आली नाही. वनखात्याच्या लोकांनी झाडांना कॅमेरे लावले, पहाटे बाहेर पडू नका म्हणून गाडी फिरवली.

निशात पुन्हा मशीनवर बसली. आता दाराबाहेरच्या नळावर जायलाही ती अब्बूंना हाक मारायची. छातीतली धडधड परत आली, पहिल्यापेक्षा जास्त. बसल्या बसल्या, सुईत दोरा ओवताना, काहीच कारण नसताना. पंधरा दिवसांनी दीपिका तिला जवळजवळ ओढतच सरिता मॅडमकडे घेऊन गेली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. रक्त वाढलं होतं, ते पाहिलं. मग विचारलं, "घरी जिना आहे का?"

दीपिका म्हणाली, "आहे. सोळा पायऱ्या."

"मग दुसरा रस्ता आहे. आठवड्यातून तीन दिवस. आधी पाच मिनिटं अंगणात चालायचं. मग वीस सेकंद जितका जोर आहे तितका लावायचा. जिना चढायचा, वर पोचलीस की उरलेले सेकंद जागेवरच धावायचं. उतरताना मात्र कठडा धरून हळू. मग दोन मिनिटं चालायचं. असं सुरुवातीला तीनदा, पुढे सहादा. वीस मिनिटांत आटोपतं. चाळीस मिनिटं चालण्यानं जे होतं त्याच्या आसपासचंच यानं होतं."

"मॅडम," निशात म्हणाली, "अम्मी त्याच जिन्यात गेली."

सरिता मॅडमनी कागद बाजूला सारले. "घरी गेली एवढंच तू सांगितलं होतंस. जिन्याचं मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मग खुर्चीवर चढ-उतर कर, जागेवर धाव. पण तुझे कागद मी दोनदा पाहिलेत. तू जिना चढू शकतेस." मग त्यांनी निशातचं मनगट धरून नाडी मोजायला शिकवलं. पंधरा सेकंदांचे ठोके, गुणिले चार. "जोर लावल्यावर मोज. एका मिनिटानं पुन्हा मोज. मेहनतीचे ठोके पटकन उतरतात. बसल्या बसल्या धडधडलं आणि ठोके शंभराच्या आत असले, तर ती भीती. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधार आला तर थांब आणि सरळ इकडे ये."

घरी आल्यावर अब्बूंना सांगावंच लागलं. लियाकतभाऊंनी कात्री खाली ठेवली.

"नाई," ते म्हणाले. "त्या जिन्यावर नाई."

"डॉक्टरनं सांगितलं अब्बू. बाहेर जाता येत नाई."

"मग घरात बस. शिवण सोडून मी तुले काही काम करू देत नाई. बसून राह्य. पण जिवंत राह्य."

"अम्मीबी बसूनच राह्यची," निशात म्हणाली. "धुणं सोडलं तर तिलेबी कोणी काही करू देत नव्हतं."

हे बोलल्यावर तिलाच वाईट वाटलं. अब्बू उठून बाहेर गेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिन्यापाशी आली तेव्हा ते खाली उभे होते, दोन्ही हात अर्धवट पुढे केलेले, वरून काही पडणार असेल तर झेलायला उभं राहावं तसे.

दीपिका घड्याळ धरून वर होती. "चल," ती म्हणाली.

निशात चढली. सहाव्या पायरीवर, जिथे बादली सांडलेली सापडली होती, तिचा पाय थबकला. दीपिका वरून म्हणाली, "बारा सेकंद राह्यले." निशात पुन्हा निघाली. वर पोचून जागेवर धावली, म्हणजे पाय आपटले. छाती फुटेल असं वाटत होतं. घसा कोरडा, जिभेवर लोखंडासारखी चव. ती स्लॅबवर खाली बसली आणि तिची खात्री पटली की हेच ते. अम्मीला असंच झालं असणार.

"मोज," दीपिका म्हणाली.

"नाई मोजता येत."

"मोज म्हणलं ना."

बेचाळीस. म्हणजे एकशे अडुसष्ट. निशातनं डोळे मिटले आणि वाट पाहिली. एका मिनिटानं पुन्हा मोजलं तर चौतीस. आणखी एका मिनिटानं अठ्ठावीस. ठोके उतरत होते. तिनं काही केलं नव्हतं, ते आपले आपणच उतरत होते. खालून अब्बू विचारत होते, "काय झालं? काऊन बोलून नाई राह्यल्या?"

"जिवंत आहे," दीपिकानं सांगितलं.

त्या दिवशी दोनदाच झालं. तिसऱ्यांदा चढायची तिची हिंमत झाली नाही. पुढच्या वेळीही ती तितकीच घाबरली, त्याच्या पुढच्या वेळीही. भीती गेली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. ज्या दिवशी जिना असायचा त्या दिवशी पहाटेपासून ती घड्याळाकडे बघत राहायची. पण मशीनवर बसली असताना धडधड सुरू झाली की ती आता भिंतीकडे जायची नाही, मनगट धरायची. तिथे ठोके शंभराच्या आत असायचे. मग तिला कळायचं की ही भीती आहे, आणि ती दोरा ओवायची.

दीपिका मे महिन्यात भरतीसाठी गडचिरोलीला गेली. आठशे मीटरमध्ये तिचे गुण चांगले आले, लेखीत ती तीन गुणांनी राहिली आणि पुढच्या वर्षाच्या तयारीला गावी परतली. त्यानंतर निशात एकटीच चढायची. अब्बू खाली उभे राहायचे, जूनपर्यंत प्रत्येक वेळी. एक दिवस गिऱ्हाईक आलं म्हणून ते पुढच्या खोलीत गेले आणि परत आले तर तिचे सहाही फेरे होऊन ती अंगणात चालत होती. त्यानंतर ते जिन्याखाली उभे राहिले नाहीत.

ऑगस्टमध्ये सरिता मॅडमनी पुन्हा तपासलं. वजन फार उतरलं नव्हतं, पावणेचार किलो. साखर काठावरून मागे आली होती. बसल्या जागचे ठोके चौऱ्याण्णवचे अठ्ठ्याहत्तर झाले होते.

"चालण्यानं बरं झालं असतं की याच्यानंच होतं?" निशातनं विचारलं.

"दोन्हींनी होतं. तुझ्याकडून हे झालं, म्हणून तुझ्यासाठी हे."

कालव्यावरचा तो वाघ वनखात्याला सापडला नाही. कुणी म्हणतं नदीपलीकडे गेला, कुणी म्हणतं इथंच आहे. पावसाळ्यानंतर मोहल्ल्यातल्या बाया उजाडल्यावर शाळेच्या मैदानात गोल चालायला लागल्या आहेत. निशातही जाते, मधल्या बाजूनं चालते, कुंपणाकडे नजर ठेवून. कालव्याच्या रस्त्यावर ती अजून गेलेली नाही, आणि जाईन असं म्हणतही नाही.