मी ‘बरोबर’ कुणाला म्हणालो?

भूतबित मी कधीच मानलं नाही. एअर ट्रॅफिक कंट्रोलर आहे. आकाशात खऱ्या विमानांचीच एवढी गर्दी, न दिसणाऱ्यांना जागा कुठून देऊ?

आमच्याकडे सूचना दिली की पायलटनं ती परत म्हणायची, आपण ऐकून ‘बरोबर’ म्हणायचं. मी हे घरीही चालवतो. बायको म्हणते, "मीठ सांगितलं त मीठच परत म्हणते हा माणूस, अन् आणते साखर."

गेल्या थंडीत सुट्टीवर सेलूजवळच्या आमच्या गावी होतो. सकाळचे आठ, धुकं असं की अंगणातला नळ दिसेना. धाकटा भाऊ सुशील आईला मोटरसायकलवर दवाखान्यात घेऊन निघाला. तेवढ्यात मधल्या सुनीलचा फोन...

"दादा, कापसाची ट्रॉली घेऊन रेल्वेच्या बोगद्याकडे उतरून राह्यलो. वजन लय आहे, आता थांबत नाई. तिकडून कोणी येऊन त नाई राह्यलं?"

दवाखान्याचा रस्ताही त्याच बोगद्यातून, आणि आत भरलेली ट्रॉली शिरली की शेजारून मांजरही जात नाही. मी ताठ बसलो. सुशीललाही त्याच कॉलवर घेतलं. फोन आईच्या हातात, स्पीकरवर. आणि टॉवरच्या थाटात हुकूम सोडला —

"सुनील, थांब. सुशील, ये."

लगेच उत्तर आलं. सपाट, घाई नसलेला आवाज — "सुशील थांबतो, सुनील येतो."

"बरोबर," मी सवयीनं म्हणालो.

...आणि मग डोक्यात ट्यूब पेटली. मी उलटं सांगितलं होतं! सारखी नावं सांभाळायचं तर आम्हाला ट्रेनिंग देतात. "आई! आई!" ओरडलो. फोनमध्ये नुसती ट्रॅक्टरची धडधड...

"काऊन कोकलून राह्यला?" आईचा आवाज. "थांबलो ना आम्ही. ट्रॉली गेली समोरून."

दुपारी जेवताना चूक कबूल केली. सुशील हसला. "तूच त म्हणला, सुशील थांब."

"मले ‘ये’ म्हणला," सुनील.

"मीही ऐकलं," आई म्हणाली. "पहिल्यांदाच शहाण्यासारखा बोलला."

"मग परत कोण म्हणालं?"

"परत? कोणीच नाई."

माझ्या फोनवर कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. लावलं. माझा आवाज स्वच्छ — "सुनील, थांब. सुशील, ये." मग चारेक सेकंद काहीच नाही. मग माझंच, "बरोबर."

सुनील म्हणाला, "परत लाव." परत तेच. आईनं घास ताटात ठेवला.

कान हवं तेच ऐकतात, हे मी नव्या कंट्रोलरांना शिकवतो. पण चौघांचे कान?

निघताना आई म्हणाली, "पोचला की फोन करजो."

"पोचलो की फोन करतो," मी परत म्हणालो.

मग दोघंही दारातच थांबलो... कोणी ‘बरोबर’ म्हणतं का, ऐकत.