चुलवाणाच्या धुरात ग्लायडर

लग्न झालं तेव्हा आमचे हे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे आणि रविवारी विमानतळावरच्या क्लबचं ग्लायडर उडवायचे. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. दोरानं ओढून वर सोडायचं, मग जिथं ऊन हवा वर चढत असेल तिथं गोल गोल फिरत उंची मिळवायची. शहाण्या माणसानं रविवारी झोपावं की नाही? पण हे डबा घेऊन निघायचे आणि त्यांच्यामागं मी.

विमानतळावर सावली नव्हती, म्हणून मी गडमुडशिंगीच्या अंगाला असलेल्या एका गुऱ्हाळावर जाऊन बसायची. तिथं गूळ शिजवणाऱ्या गुळव्याशी यांची फार गट्टी. एकदा काकवी चाटत यांनी त्याला समजावलं होतं, की तुमच्या काहिलीखालच्या चुलवाणाची धग वर चढते आणि मला उचलून धरते. झालं. त्या दिवसापासून यांचं ग्लायडर डोक्यावर आलं की गुळव्या जाळ घालणाऱ्याला ओरडायचा, “सर आल्यात रं, चिपाड घाल की दाबून. पावणं खाली यायला नगंत.” दारी आलेल्याला भरल्या पोटानंच सोडायचं, तशातला हा प्रकार. मलाही त्याचं कौतुक वाटायचं.

अडचण एकच होती. मुंबईचं विमान उतरायचं ते नेमकं त्याच गुऱ्हाळावरून. ग्लायडरमध्ये रेडिओ नव्हता. विमानाची वेळ झाली की क्लबची माणसं धावपट्टीशेजारी पांढरी चादर अंथरायची, ती दिसली की खाली यायचं, एवढीच व्यवस्था. सहसा विमान उशिराच यायचं, त्यामुळं सगळे निर्धास्त.

त्या रविवारी ते लवकर आलं, चादर अंथरायच्या आत. काहील रटरटत होती, हे वर मजेत घिरट्या घालत होते आणि मी डबा सोडत होते. जोतिबाच्या डोंगराच्या बाजूनं घरघर आली. पाहिलं तर विमान वळून सरळ आमच्याकडं येत होतं, उतरत उतरत, यांच्याच उंचीला. मी पदर सोडून हलवला. तेवढ्या उंचावरून पदर काय दिसणार? एवढी भीती मला पुढं बाळंतपणातही वाटली नाही.

गुळव्यानं एकदा विमानाकडं पाहिलं, एकदा यांच्याकडं. मग जाळ घालणाऱ्याला म्हणाला, “थांब. आपुनच धरून ठेवलंय त्यास्नी हितं. वलं चिपाड कोंब.”

“आदण जाईल की मामा, काहीलभर रस नासंल.”

“जाऊ दे. कोंब.”

नुकत्याच गाळलेल्या उसाचं ओलं चिपाड दोघांनी भाऱ्यानं चुलवाणात लोटलं. जाळ दबला, धग तुटली आणि धुराचा दाट पांढरा लोट उठला. डोळ्यांतून पाणी काढत मी वर पाहत होते. धूर वर पोचला तसं ग्लायडर कलंडलं आणि गावाच्या बाजूला निघून गेलं. थोड्याच वेळात विमान त्याच धुरातून आरपार गेलं. काहिलीतला रस तोवर बिघडला होता, काळा पडून.

दहा-पंधरा मिनिटांनी हे गावाकडच्या माळावर ग्लायडर उतरवून चालत आले, कपाळाला आठ्या घालून. “काय मामा, छान उंची मिळाली होती. चुलवाण कशाला दडपलंत?”

माझा राग अगदी ओठांवर होता, पण तोंड उघडलं तर रडूच आलं.

गुळव्या म्हणाला, “सर, इमान बघितलासा न्हवं?”

“कुठलं विमान?”

गुळव्यानं धावपट्टीकडं हात केला. ते तिथं उभं होतं, माणसं उतरत होती, एक बाई लेकराला कडेवर घेऊन. हे बघत राहिले. मग चिपाडाच्या ढिगावर बसले. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले.

त्या रसाचा जो गूळ झाला तो बाजारात जाण्यासारखा नव्हता. गुळव्या तो म्हशींना घालणार होता. त्यातली एक ढेप यांनी मागून घेतली. धुरकट, कडवट गूळ. वर्षभर आमच्या घरी चहा त्याचाच झाला. आल्यागेल्यानं तोंड वाकडं केलं तरी मी साखरेचा डबा कुणापुढं केला नाही.